शिंपल्यांची पूड

सकाळी शेडमधून सत्तावीस मेलेले पक्षी निघाले. परवा तीन होते, काल अकरा.

सुंदराबाई दारात उकिडवी बसून बघत होती. तिची सून आम्रपाली एकेक पक्षी पायाला धरून बाहेर आणायची आणि गोणपाटावर ठेवायची. तोंडाला ओढणी बांधलेली, डोळे तेवढे उघडे, तेही न झोपल्याने लाल झालेले. महिन्याभराचे पांढरे, गुबगुबीत बॉयलर. मान टाकून पडले होते, तरी अंगावर कुठे जखम नाही की नाकातोंडातून पाणी नाही.

शेड एकच, मधोमध जाळी. अलीकडे सुनेचे तीनशे बॉयलर, पलीकडे सासूच्या बेचाळीस तांबड्या, अंड्यावरच्या. हवा एक, खाली अंथरलेलं भाताचं तूस एक, पाण्याची टाकी एक. खाद्य तेवढं वेगळं. जाळीपलीकडे तांबड्या मजेत तूस उकरत होत्या. एक तर नुकतंच अंडं घालून गाव गोळा करत होती.

"तुमच्यातली एक पण मेली नाय," आम्रपाली म्हणाली.

"मरंल कशी? मी बघते ना त्यांच्याकडं."

बोलून गेली आणि सुंदराबाईने जीभ चावली. आम्रपाली पुन्हा आत गेली.

नाते गावाच्या अलीकडे ओढ्याला लागून ही बौद्धवाडी, पस्तीस उंबऱ्यांची. तिथे सुंदराबाईला कोंबड्यांची सुईण म्हणत. चेष्टेने म्हणत, पण गरज पडली की पहाटे पाचला दार वाजवत. कोणाच्या कोंबडीचं अंडं अडलं की ती बोटाला तेल लावून ते अलगद मोकळं करायची. खुडूक बसलेली कोंबडी उठत नसली तर तिला कसं उठवायचं, कुठलं अंडं गाभण आणि कुठलं पोकळ, हे ती उन्हात धरून एका नजरेत सांगायची. नवरा रामजी मुंबईला गोदीत होता, वर्षातून दोनदा यायचा, आणि एका वर्षी यायचाच राहिला. तेव्हा मुलगा अरविंद चौथीत होता. त्याला तिने अंड्यांवर वाढवला, अंड्यांवर शिकवला. आता तो एमआयडीसीत पाळीवर जातो आणि डब्यात न चुकता आईच्या कोंबडीचं अंडं नेतो.

आम्रपालीने पहिले बॉयलर आणले ते दोन वर्षांपूर्वी. महाडला तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आली, येताना एक चोपडी घेऊन आली. त्या चोपडीत सगळं लिहिलेलं: कितव्या दिवशी कुठली लस, कितव्या दिवशी कुठलं खाद्य, बल्ब किती उंच. सुंदराबाईला वाचता येत नव्हतं, पण तिला ती चोपडी आवडायची नाही. कोंबडी काय वहीत बघून पाळायची असते?

आणि ते बॉयलर तर तिच्या डोक्यातच शिरत नव्हते. "ही कोंबडी नव्हं गो, हा भोपळा," ती शेजारच्या येसूबाईला सांगायची. "खातो आन् बसतो. चार पावलं टाकली की मटकन खाली."

त्या मटकन बसण्यानेच घोळ केला.

पौषात सुंदराबाईचे गुडघे इतके धरले की तिला उठताना भिंत लागायची. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. पांढऱ्या, जाड, घशात अडकणाऱ्या. "आजी, हाडांत कॅल्शियम नाही राहिलं तुमच्या. चुना म्हणा हवं तर." पंधरा दिवसांत गुडघे सैल झाले. आणि एका सकाळी शेडमध्ये त्या पिल्लांकडे बघता बघता तिच्या मनात आलं, आपल्या अंड्यावरच्यांना आपण शिंपल्या घालतोच की. दासगावच्या खाडीवरनं येणाऱ्या बाईकडून शिंपल्यांतल्या तिसऱ्या घ्यायच्या, कालवण खाऊन झालं की शिंपल्या चुलीत भाजायच्या, उखळात कांडायच्या. त्या पुडीवर तिच्या कोंबड्यांची अंडी अशी टणक व्हायची की हातातून निसटली तरी फुटायची नाहीत. मग ह्या पोरांच्या पायांना का नाही? पायात जोरच नाय त्यांच्या.

सुनेला सांगितलं असतं तर तिने चोपडी उघडली असती. सुंदराबाईने सांगितलं नाही. रोज सकाळी आम्रपाली पाण्याला गेली की ती बॉयलरच्या खाद्याच्या बादलीत एक मूठ बारीक पूड टाकायची आणि हाताने ढवळायची. आठवड्याने दोन मुठी केल्या. आणि परवा, पहिले तीन मेले आणि बाकीचे आणखीच बसायला लागले, तेव्हा तीन.

तिच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. औषध करत होती ती.

*

नऊ वाजता सरपंच सयाजी आला. मागून रस्त्याच्या कामावरचा जेसीबी घरघरत आला आणि वाडीच्या वरच्या अंगाला, मोकळ्या वरकस जमिनीत उभा राहिला.

"सुंदराकाकी, गोष्ट हाताबाहेर चाललीय," सयाजी गाडीवरून न उतरताच म्हणाला. "काल येसूबाईकडचे पण मेले ना?"

येसूबाई कुंपणाशी उभी होती. तिने आम्रपालीचंच बघून वीस बॉयलर आणले होते, परसात टोपलीखाली ठेवले होते. "सहा," ती म्हणाली. "काल दोन, आज चार."

"म्हणजे एका घरातनं दुसऱ्या घरात गेला रोग. बर्ड फ्लूच हाय. ग्रुपवर फोटो फिरायला लागलेत सकाळपासनं. उद्या सरकारी माणसं आली ना, तर एक किलोमीटरपर्यंतचं सगळं मारतील, जिवंत काय ठेवायचे नाय." तो थांबला. ओढ्यापलीकडे त्याच्या भावाची पोल्ट्री होती, पाच हजार पक्ष्यांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "त्यापेक्षा आजच मिटवू. वाडीतले सगळे पक्षी गोळा करा. खड्डा मी मारून देतो. औषध टाकू, माती लोटू. गावाचं नाव टीव्हीवर नको."

"सगळे म्हंजे?" सुंदराबाईने विचारलं.

"सगळे म्हंजे सगळे. तुझ्या तांबड्या पण. येसूबाईची काळी कोंबडी पण. वाडीत एक पीस दिसता नये."

"आन् खड्डा आमच्याच वाडीत का वो सरपंच?" कोणीतरी मागून म्हणालं. "तुमच्या आळीत जागा नाय झाली?"

"रोग तुमच्याकडं निघाला म्हणून!"

त्यावर चार आवाज एकदम चढले. जेसीबीवाल्याने ह्या कशाकडेही लक्ष न देता पहिला घास काढला. लाल माती ढासळली. तांबड्या जाळीपलीकडे दचकून एका कोपऱ्यात गोळा झाल्या.

आम्रपाली पुढे झाली. "मी महाडला फोन केलाय. डॉक्टर निघालेत. ते येईस्तोवर कोण माझ्या शेडला हात लावणार नाय."

"डॉक्टर आला तर कागद होणार, पोरी. कागद झाला की गेला कारभार."

"होऊ दे कागद."

सयाजीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "खड्डा व्हायला तास लागंल. तेवढा वेळ घे."

*

डॉक्टर आमोद तासाच्या आतच आले. तरुण, चष्मेवाले, मोटरसायकलच्या डिकीत हातमोजे आणि सुरी. जेसीबी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय चालवलंय? असं परस्पर पुरता येत नाही."

"मग रोग नाय असं लिहून द्या," सयाजी म्हणाला.

"तपासणीशिवाय ते कसं लिहू? नमुना पुण्याला जाणार, आठ दिवस तरी लागणार."

"आठ दिवसांत माझा भाऊ रस्त्यावर येईल! उद्या तो लोक घेऊन आला तर मी आडवा पडणार नाय, सांगून ठेवतो."

डॉक्टरांनी गोणपाटावरचा एक पक्षी उचलला, उताणा केला, आणि सुरीने छातीपासून खाली सरळ उघडला. माणसं पुढे सरकली. सुंदराबाई सगळ्यांत पुढे होती. आयुष्यात हजारेक कोंबड्या तिने साफ केल्या होत्या. आतलं कसं असतं ते तिला नवं नव्हतं.

पण असं तिने कधी पाहिलं नव्हतं. हृदयावर, कलेजीवर, सगळीकडे पांढरं. पोळपाटावर पिठी भुरभुरावी तसं. डॉक्टरांनी अंगठ्याने पुसलं, तर पांढरी पूड मोज्याला लागून आली.

"मूत्रपिंडं बघा, केवढी सुजलीत. क्षार साचलेत अंगात." ते स्वतःशीच बोलत होते. "बर्ड फ्लूचं हे लक्षण नव्हे. पण एक दुसरा विषाणू आहे, त्यात मूत्रपिंडं अशी होतात. नाहीतर खाद्यात काही बिघाड. खाद्यात दुसरं काही घातलंय का तुम्ही?"

"काय पण नाय," आम्रपालीने चोपडीच उघडून धरली. "बॅग फोडायची आन् ओतायची. तारखेसकट लिहिलंय, बघा."

डॉक्टरांनी पानं चाळली. "चोख आहे. येसूबाई, तुमचं खाद्यही ह्याच बॅगेतलं?"

"नाय बा. आमचे कण्या खातात. आन् राहिलेला भात."

"वर काही?"

"वर काय घालणार? आमच्याकडं कुठली बॅग आन् बिग."

डॉक्टरांनी चष्मा मनगटाने वर ढकलला. "दोन घरं, दोन वेगळी खाद्यं, आणि मरतूक एकाच वेळी," ते हळू म्हणाले. "म्हणजे पसरतंय. मला संशयित म्हणून नोंद करावी लागेल."

"झालं!" सयाजीने जेसीबीवाल्याकडे हात हलवला. "घ्या रे आवरून. कागद व्हायच्या आत."

आणि माणसं खरंच हलली. आपल्या घराकडे, आपल्या खुराड्याकडे. कोणी शिव्या देत, कोणी मुकाट्याने. येसूबाई आपली काळी काखेत मारून उभी होती.

सुंदराबाई जागची हलली नव्हती. तिची नजर त्या पांढऱ्यावर होती.

खाद्यात काही घातलंय का, असं डॉक्टर विचारत होते तेव्हा ती तिथेच होती. तिने उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यात लबाडी नव्हती. शिंपल्यांची पूड तिच्या लेखी खाद्यच नव्हती. ते औषध. येसूबाईच्या लेखीही औषधच. मागच्या बाजारच्या दिवशी येसूबाई म्हणाली होती, माझेही बसतात गो, आणि सुंदराबाईने कागदात बांधून पूड दिली होती. भाजलेली, कांडलेली, सुपात पाखडलेली. तिच्या बोटांना ती पूड लागायची तेव्हा अशीच दिसायची. अगदी अशीच.

तिने बोटं लुगड्याला पुसली.

गप्प राहिली असती तर कोणाला कधीच कळलं नसतं. आठ दिवसांनी पुण्याहून कागद आला असता, रोग नाही म्हणून, आणि लोकांनी सयाजीला शिव्या घातल्या असत्या. कोंबड्यांच्या सुईणीला कोणी नावं ठेवली नसती. फक्त तोवर बेचाळीस तांबड्या मातीखाली असत्या, येसूबाईची काळी, वाडीतली झाडून सगळी खुराडी. येसूबाईच्या घरात दुसरं होतं काय?

अक्षय नावाचा वरच्या घरातला बाप्या आपल्या दोन कोंबड्या पायाला धरून, उलट्या लटकावत, खड्ड्याकडे निघालाही होता.

"थांब रे!" सुंदराबाई ओरडली. आवाज चिरकला. "अक्षय, थांब तिथंच. डॉक्टर, रोग नाय हा. मी केलंय."

सगळे वळले.

"शिंपल्यांची पूड घातली मी त्यांना. रोज. पायात जोर यावा म्हणून. आन् येसूला पण मीच दिली."

मग सयाजी हसला.

"काकी, कोंबड्या वाचवायला काय पण सांगशील. इतकी वर्षं शिंपल्या घालतेस तू, तुझी एक तरी मेली का?"

"तांबड्यांना घालते. ह्यांना पहिल्यांदाच घातली."

"सुचलं बरं आत्ताच!"

"मी पण घातली," येसूबाई पुढे आली. काळी तिच्या काखेत फडफडली. "सुंदरान दिलेली. चिमूट चिमूट कण्यांत. मला वाटला, औषद हाय, त्ये काय खाद्य नाय. डाक्टरान खाद्य विचारलान, मी नाय सांगितला!"

"तू तिच्याच गोटातली. तिनं सांगितलं रात्र हाय तर तू दिवा लावशील."

डॉक्टरांनी हात वर केला. "पूड कुठे आहे?"

सुंदराबाई आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. डबा देताना तिने आम्रपालीकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी पूड बोटांत चोळली. मग त्याच पक्ष्याच्या आतून पोटा काढला आणि मधोमध चिरला. सुरी करकरली. आत भिजलेल्या खाद्याच्या लगद्यात पांढरा थर होता, आणि न कांडला गेलेला, नखाएवढा शिंपलीचा तुकडा.

त्यांनी दुसरा पक्षी घेतला, तिसरा घेतला. येसूबाईच्या मेलेल्यांतला एक मागवला. चारही पोटे करकरले.

"किती घालत होतात आजी?"

"बादलीला एक मूठ. मग दोन." "परवापासनं तीन."

"आणि त्या पलीकडच्यांना ह्याहून जास्त घालता?"

"जास्तच."

"त्या रोज अंड्याच्या कवचातून ते बाहेर टाकतात. ह्या पिल्लांना बाहेर टाकायला वाटच नाही. सगळा भार मूत्रपिंडांवर. त्यात पाणी दिवसाआड येतं तुमच्याकडे, ना?" ते सयाजीकडे वळले. "सरपंच, फ्लू असता तर जाळीपलीकडच्या बेचाळीस एव्हाना आडव्या झाल्या असत्या. नमुना मी पाठवणारच, पण पसरणारं काही मला इथे दिसत नाही. खड्ड्यात फक्त मेलेले जातील. जिवंत पक्ष्याला कोणी हात लावला तर त्याचा कागद मी करेन."

सयाजीने त्या चार चिरलेल्या पोट्यांकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं. भावाला फोन लावला आणि पाठ करून काहीतरी बोलला. परत आला तेव्हा आवाज उतरला होता. तरी गाडीला किक मारताना म्हणालाच, "कोंबड्यांची सुईण म्हणे! बाळंतिणीलाच खाल्लं!"

लोक हसले. भीती ओसरल्यावरचं हसू ते, मोठं आणि लांबलेलं. अक्षयसुद्धा हसला, हातातल्या कोंबड्या तशाच उलट्या धरून. सुंदराबाईने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरळ धर रे त्यांना. रक्त उतरतंय डोक्यात."

*

माती लोटून झाली, जेसीबी गेला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: दिवसभर गुळाचं पाणी, बॅगेतलं खाद्य बंद, नुसता मक्याचा भरडा, ज्यांची मूत्रपिंडं गेली आहेत ते अजून दोनतीन दिवस मरतील, घाबरायचं नाही.

आम्रपाली चुलीपुढे बसून गूळ फोडत होती. दगडाचे घाव जरा जास्तच जोरात पडत होते.

"मला इचारलं का नाय, आये?"

"इचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस."

"मग?"

सुंदराबाई उडालेले गुळाचे खडे वेचायला लागली.

"अरविंदला काय सांगायचं ते तुम्ही सांगा," शेवटी आम्रपाली म्हणाली. "आन् माझ्या बाजूला आता पाऊल टाकायचं नाय. कोंबड्यांना हात लावायचा नाय. मी बोलवीन तेव्हाच."

सुंदराबाईने मान हलवली. पदर खोचला आणि बाहेर पडली. पूड तिने आणखी दोन घरी वाटली होती, एक वाडीत, एक नाते गावात आपल्या चुलत नणंदेकडे. दोन्हीकडे बॉयलर होते. वाडीतल्या दारात उभं राहून तिने सांगितलं, "मी दिलेली पुडी परत द्या. चुकलं माझं." ते सांगताना मान खाली गेली नाही, पण पदराचं टोक ती बोटाभोवती गुंडाळत राहिली. नात्याला ती उन्हातनं चालत गेली. नणंदेने अजून पुडी सोडलीही नव्हती. सुंदराबाई तिच्या ओटीवर बसली, तांब्याभर पाणी प्याली, आणि तिथे पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडच्या दाराबाहेर उभी राहिली. आम्रपाली आत होती. तूस खसखसत होतं.

"एकोणीस," आतून आवाज आला.

सुंदराबाईने गोणपाट पसरलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, "आठ."

तिसऱ्या दिवशी आम्रपालीला आत बराच वेळ लागला. सुंदराबाई चौकटीला धरून उभी होती. जाळीपलीकडे तांबड्यांनी तिला ओळखून कलकल चालवली होती, पण तिचे कान अलीकडे होते. पाण्याच्या भांड्यांवर चोची टकटकत होत्या. परवा हा आवाज नव्हता.

"दोन," आम्रपाली म्हणाली. मग थोडं थांबून, "आन् एक असा बसलाय. मान धरतो, पण पाणी पीत नाय. मला कळंना काय करायचं."

सुंदराबाई चौकटीतून हलली नाही.

"या ना आत," आतून आवाज आला. "पण हात धुऊन या. साबणानं."